बंद हुकूम

यंदाच्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील धर्मशिक्षणाच्या वर्गाला सी. एस. लुईस यांच्या ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ या कादंबरीवरील २००५ सालचा चित्रपट दाखविण्यात आला. चित्रपट संपल्यावर नववीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “फादर, अस्लाननं रडीचा डाव खेळला ना? चेटकिणीला जो नियम ठाऊकच नव्हता, त्या नियमानं तो जिंकला.” वर्ग हसला. आम्ही प्रायश्चित्त, बलिदान, पुनरुत्थान या शब्दांच्या आधारे काही बोललो. मुलगा खाली बसला. पण शब्द मिळाले आणि उत्तर मिळाले नाही, म्हणजे मुले ज्या रीतीने खाली बसतात तसा बसला.

त्याचा प्रश्न केवळ सिंहाविषयी नव्हता, हे आम्ही जाणून होतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्या थोरल्या भावाची अंत्यविधीची मिस्सा आम्हीच अर्पण केली होती, आणि मरण आपला डाव हरले आहे, असे वेदीवरून सांगितले होते. त्याच्या घरात मात्र त्या आठवड्यात मरणच जिंकलेले दिसत होते. एकाच पटावर दोन नियमावल्या!

म्हणून आम्ही मूळ पुस्तक पुन्हा हाती घेतले, आणि त्या निमित्ताने अद्भुतकथांच्या एका जुन्या जातीचा विचार करावासा वाटला. या कथांत दोन प्रतिस्पर्धी समोरासमोर बसतात; पट एकच, पणही एकच; परंतु एक जण एका नियमावलीने खेळत असतो आणि दुसरा दुसऱ्या. अशा कथेत जिंकणारा न्यायाने जिंकला की लबाडीने, हे वाचकाने कशावरून ठरवायचे?

गुरुविद्यालयात असताना सुटीच्या दुपारी आम्ही मेंढीकोट खेळत असू. वसईचे, गोव्याचे, नगरकडचे असे चार गडी बसले, की पाने वाटण्याआधी तंटा सुरू होई. काहींच्या गावी कट हुकूम चाले: उतारीचे पान ज्याच्याकडे नाही, त्याने जे पान टाकले त्याचाच रंग हुकूम ठरायचा, म्हणजे हुकूम खेळता खेळता जन्माला यायचा. आमच्याकडे बंद हुकूम: एका भिडूने डावाच्या आरंभीच एक पान पालथे टेबलावर ठेवायचे. ते कोणत्या रंगाचे, हे त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक नसते. पण पान तेथे आहे, हे चौघांनाही दिसत असते. ते उघडल्यावर हरणारा चरफडतो, परंतु फसवले म्हणून तक्रार करू शकत नाही. साहित्याची कसोटी पत्त्यांत शोधणे आमच्या प्राध्यापकांना मुळीच रुचले नसते. तथापि या जातीच्या कथांना आम्हांला याहून सोयीची कसोटी सापडलेली नाही. कथाकाराने पान आरंभीच पालथे ठेवले होते, की अडचण आली तेव्हा हुकूम बनवला?

लुईस कॅरोल यांच्या ॲलिसला हा तंटा फार लवकर भेटला. १८६५ च्या पहिल्या पुस्तकात पत्त्यांचे राजाराणी क्रोके खेळतात. बॅटीच्या जागी जिवंत फ्लेमिंगो, चेंडूच्या जागी साळू, आणि कमानी म्हणून वाकून उभे राहिलेले शिपाई, तेही मनाला येईल तेव्हा उठून चालू लागणारे. येथे नियम नाहीतच. राणी ओरडेल तो नियम. १८७१ च्या दुसऱ्या पुस्तकात कॅरोलनी बुद्धिबळाचा पट घेतला, आणि ॲलिस प्यादे म्हणून निघून आठव्या घरात राणी होते. पण तेथेही पांढरे आणि तांबडे आळीपाळीने चाली करीत नाहीत. १८९६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत कॅरोलनी ही गोष्ट मान्य केली आणि बाकी चाली मात्र नियमाला धरून असल्याचे बजावले. गणिताचा अध्यापक असलेल्या या माणसाला पंचवीस वर्षांनंतरही तो हिशेब चुकता करावासा वाटला, याचे आम्हांला कौतुक वाटते. स्वप्नातल्या खेळालाही जाब असतो, हे त्यांना कळत होते.

आपल्याकडे या प्रकाराचे सर्वांत दारुण रूप महाभारताच्या सभापर्वात आहे. युधिष्ठिर क्षत्रियाच्या नियमाने बसला आहे: आव्हान आले तर नाकारायचे नाही. शकुनी जाणकाराच्या नियमाने बसला आहे: ज्याला फासे कळतात त्याने न कळणाऱ्याला लुटावे, यात अधर्म कसला? पण दुर्योधनाचा आणि फासे शकुनीच्या हाती, हे रीतीला सोडून आहे, असे युधिष्ठिर म्हणतो आणि तरीही खेळतो. पुढे द्रौपदी विचारते, की स्वतःला आधी हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? इरावतीबाई कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये हा प्रश्न विचारणे ही द्रौपदीची मोठी चूक ठरवली आहे. बाईंच्या व्यासंगापुढे आमची योग्यता ती काय! परंतु आम्हांला वाटते, त्या संपूर्ण सभेत नियमांची पोथी उघडा, असे म्हणणारी ती पहिलीच व्यक्ती आहे, आणि पोथी उघडू पाहताच भीष्मांसारख्या ज्येष्ठालाही धर्माच्या सूक्ष्मतेचा आश्रय घ्यावा लागतो. व्यासांनी येथे कोणताही हुकूम उघडून आपल्याला सुटका दिलेली नाही. वस्त्रहरणाच्या क्षणी जे घडते ते द्रौपदीची लाज राखते. तिचा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो.

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’मधील कोड्यांच्या खेळाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. टॉल्किन आपल्याच ख्रिस्तसभेचे, श्रद्धावान कॅथलिक. डोंगराखालच्या काळोखात बिल्बो आणि गॉलम कोडी घालतात. बिल्बो हरला तर गॉलमने त्याला खायचे, जिंकला तर बाहेरची वाट दाखवायची. शेवटी कोडे सुचेना, तेव्हा खिशातल्या अंगठीला हात लागून बिल्बो स्वतःशीच पुटपुटतो, की माझ्या खिशात काय आहे? गॉलमला तो प्रश्न आपल्याला आहे असे वाटते, आणि बिल्बो तसेच वाटू देतो. हे कोडे नव्हे. उत्तर शब्दांत दडलेले नसून खिशात आहे. विचार करून ते सापडणारे नाही. गॉलम आक्षेप घेतो, पण अखेर तीन उत्तरांची मुभा मागून खेळतो. पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या आरंभी लेखकाने या खटल्याचा जणू निकालच दिला आहे: तो प्रश्न कोड्यांच्या प्राचीन नियमांत बसतो का, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत, पण एकदा स्वीकारून उत्तर देऊ लागल्यावर गॉलम वचनाने बांधला गेला, यावर एकमत आहे.

रडीचा डाव झाला तो बिल्बोकडून, आणि टॉल्किननी तो लपवलेला नाही. १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत तर गॉलम बऱ्यापैकी सचोटीचा होता. अंगठी हीच बक्षीस म्हणून बोललेली होती, ती सापडेना तेव्हा त्याने माफी मागून बिल्बोला वाट दाखवली. १९५१ च्या आवृत्तीत लेखकाने हे बदलले. आता गॉलम अंगठी आणायला जातो तो बिल्बोला ठार मारण्यासाठी. आणि याच नव्या मजकुरात, आमच्या मते, या प्रकरणाचे खरे मर्म आले. अदृश्य झालेला बिल्बो हातात तलवार घेऊन गॉलमच्या मागे उभा आहे. मारले तर वाट मोकळी. पण गॉलमजवळ शस्त्र नाही, त्याला समोर कोण आहे ते दिसतही नाही. ही बरोबरीची झुंज नव्हे, असे बिल्बोला वाटते. मग त्या एकाकी जिवाची दया येते, आणि तो त्याच्यावरून उडी मारून जातो. जिभेच्या खेळात ज्याने नियम वाकवला, तोच तलवारीच्या खेळात, कोणी पाहत नसताना, नियम पाळतो, आणि तोही स्वतःचा जीव धोक्यात घालून. पुढच्या तीन खंडांचा शेवट या एका उडीवर उभा आहे, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना सांगायला नको.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ छापून विक्रीस आणला. चेटूक, शौर्य, जखम, सर्वांना आकडे लागले आणि फासे टाकून त्यांचा निवाडा होऊ लागला. या खेळाने मुले सैतानाच्या नादी लागतील, अशी ओरड १९८० च्या दशकात तेथील काही धर्मनिष्ठ मंडळींनी केली. आमची तक्रार सैतानाविषयी नसून रुक्षपणाविषयी आहे. आकड्यांत मावलेल्या चमत्काराचा चमत्कारपणाच जातो. तरीही या खेळावर उभ्या राहिलेल्या आरंभीच्या कादंबऱ्यांपैकी एक, आंद्रे नॉर्टन या लेखिकेची १९७८ ची ‘क्वाग कीप’, एका कल्पनेसाठी लक्षात राहते. खेळाच्या जगात ओढल्या गेलेल्या माणसांच्या मनगटावर कडी आहेत आणि त्या कड्यांत फासे. संकटापूर्वी फासे आपोआप फिरतात. माणसे हळूहळू शिकतात, की मन एकाग्र केले तर ते थोडे वळवता येतात. कादंबरी म्हणून पुस्तक बेताचेच. पण नियम बाहेरचा आणि इच्छा आतली, यांची ओढाताण त्या कड्यात नेमकी पकडली आहे.

मग जपानी चित्रकथा. त्या मुलानेच आपल्या जवळचे अंक आम्हांला आणून दिले; उजवीकडून डावीकडे वाचायचे, हेही त्यानेच शिकवले. काझुकी ताकाहाशी यांची ‘यू-गी-ओ!’ ही मालिका १९९६ पासून ‘शोनेन जम्प’ या साप्ताहिकात येऊ लागली. युगी नावाच्या बुजऱ्या शाळकरी मुलात एक प्राचीन आत्मा जागा होतो आणि दुर्जनांना खेळाचे आव्हान देतो. आरंभीच्या कथांत खेळ दर वेळी निराळा, आणि नियम मोडणाऱ्याला शिक्षा ठरलेली. हे आम्हांला आवडले: तेथे दुष्टाचा पराभव बहुधा त्याच्याच हावेने होतो. पुढे मालिका पत्त्यांच्या द्वंद्वांवर स्थिरावते. पेगॅसस नावाचा प्रतिस्पर्धी आपल्या मायावी डोळ्याने समोरच्याचे मनच वाचतो, म्हणजे त्याच्यापुरते कोणाचेही पान झाकलेले नाही. युगी आणि त्याच्यातला आत्मा आळीपाळीने मनाचा ताबा घेऊन त्याला चकवतात. पान बदलत नाही, पान धरणारा बदलतो! ही तोड कथेच्या पहिल्या पानापासून वाचकासमोर होती. हा अस्सल बंद हुकूम.

दुसऱ्या एका डावात मात्र प्रतिस्पर्ध्याचे समुद्रराक्षस भरतीच्या पाण्यात अजिंक्य झाले असता युगी, आपणच आधी पटावर मांडलेल्या पौर्णिमेच्या चंद्रावर हल्ला करवतो. चंद्र फुटतो, पाणी ओसरते, राक्षस उघडे पडतात. चित्र झकास आहे. पण चंद्र समोर होता, हे खरे असले तरी चंद्र फोडता येतो, हा नियम समोर नव्हता. १९९९ पासून कोनामी कंपनीने हे पत्ते लेखी नियमांसह विकायला काढले, तेव्हा भरतीओहोटीच्या अशा करामतींना त्यांत जागा उरली नाही. पत्ते विकत घेणारी मुले अर्थातच शहाणी. त्यांनी मनातल्या मनात चंद्र फोडणे चालू ठेवले. (ताकाहाशी २०२२ च्या जुलैमध्ये ओकिनावाच्या समुद्रात मरण पावले. लाटांत सापडलेल्यांना वाचवायला ते गेले होते, असे वृत्त काही महिन्यांनी आले. मुलाला हे ठाऊक होते. आम्हांला त्याने सांगितले.)

आता मूळ खटला. लुईस यांचे पुस्तक १९५० चे. एडमंड एका मिठाईच्या लोभाने आपल्या भावंडांशी दगा करतो. चेटकीण अस्लानच्या छावणीत येऊन हक्क सांगते: प्रत्येक विश्वासघातक्याचे रक्त माझे, हे जगाच्या आरंभीच पाषाणाच्या मेजावर कोरलेले आहे. सुझन अस्लानला विचारते, की या नियमाविरुद्ध काही करता येणार नाही का? अस्लान नाराज होतो. सम्राटाच्या नियमाविरुद्ध जाणे त्याच्या मनातही येत नाही. मग तो चेटकिणीशी एकांतात बोलतो, आणि वाचकाला ते बोलणे ऐकू येत नाही. रात्री तो एडमंडच्या बदली स्वतःला देतो. पहाटे मेज दुभंगते, अस्लान जिवंत उभा राहतो आणि सांगतो, की चेटकिणीचे ज्ञान काळाच्या आरंभापर्यंतच जाते. त्याच्याही आधीच्या निःशब्दात तिने पाहिले असते, तर निरपराधाने स्वेच्छेने दुसऱ्यासाठी मरण पत्करल्यास मरणच उलटे फिरते, हे तिला कळले असते.

मुलाच्या बाजूने जे म्हणता येईल ते आधी म्हणतो. हा नियम वाचकाला प्रथम कळतो तो पंधराव्या प्रकरणात, काम फत्ते झाल्यावर, दोन-चार वाक्यांत. सम्राटाचे नाव, अस्लान आल्यावर दुःख सरेल ही जुनी भविष्यवाणी, वितळू लागलेले बर्फ, हे सारे आधी आहे. म्हणजे चंद्र पटावर होता. परंतु तो काय करू शकतो, हे लुईसनी झाकून ठेवले, आणि ते जरा जास्तच घट्ट झाकले. तो एकांतातला संवाद कथेच्या सोयीसाठी आहे, असे आम्हांला आज वाटते. मुलाचे नाक तिखट आहे.

तरीही रडीचा डाव अस्लानने खेळला, हे आम्हांला मान्य नाही. एक तर चेटकीण स्वतःच्या नियमाने तरी कोठे खेळते? सुरा उगारल्यावर ती अस्लानच्या कानाशी सांगते, की तू मेल्यावर एडमंडलाही मी मारीनच. अदलाबदल मान्य करून ती मोडण्याची तयारी तिने आधीच केली आहे. दुसरे, बीव्हर तिला तोंडावर सुनावतो, की तू तर सम्राटाची फाशी देणारी होतीस. हे वाक्य आम्ही पूर्वी दोनदा वाचूनही आमच्या ध्यानात आले नव्हते. म्हणजे ज्या नियमाच्या बळावर ती उभी आहे, तो तिचा नाहीच. सम्राटाने दिलेल्या कामाला ती आपले राज्य समजून बसली. येथे दोन नियमावल्या नाहीत. पोथी एकच आहे, आणि तिने ती मधूनच वाचायला घेतली आहे.

ही कथा लुईसनी नव्याने रचली असे नव्हे. चौथ्या शतकात नीसाचे संत ग्रेगरी यांनी गळ आणि आमिष यांची उपमा योजली: मानवी देहाचे आमिष पाहून सैतानाने घास घेतला आणि आत दडलेल्या देवत्वाच्या गळाला तो लागला. संत ऑगस्टीन यांनी क्रुसाला उंदराचा सापळा म्हटले. विद्यार्थिदशेत आम्हांला या उपमांची गंमत वाटे. आज त्यांत त्या मुलाचा आक्षेप ऐकू येतो. तो जुन्यांनाही ऐकू आला होता. नाझियान्झचे संत ग्रेगरी यांना सैतानाला खंडणी देण्याची कल्पनाच असह्य वाटली. आणि १०९८ मध्ये पूर्ण झालेल्या ग्रंथात संत आन्सेल्म यांनी सैतानाला माणसावर मुळी हक्कच नव्हता, असे सांगून तो पटच मोडीत काढला. संत पौलांनी करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, या युगाच्या अधिकाऱ्यांना ते ज्ञान असते तर त्यांनी प्रभूला क्रुसावर दिले नसते, असे म्हटले आहे. लुईसची चेटकीण तेथूनच आलेली असावी.

हे सारे आम्ही त्या मुलाला सांगितले, अर्थात ऑगस्टीन वगळून. त्याने ऐकून घेतले आणि मूळ मुद्द्यावर आला. “पण फादर, हुकूम हातात आहे हे ठाऊक असताना तो रात्री रडका चेहरा करून का चालला? ते तर नाटकच झालं.”

आम्ही पुस्तक उघडले. मेजाकडे जाताना अस्लानची मान खाली आहे, पावले अडखळतात. तो सुझन आणि लूसीला आपल्या आयाळीत हात ठेवायला सांगतो, म्हणजे सोबत कळेल. आदल्या दिवशी लढाईचे बेत समजावताना, आपण तेथे असू असे वचन त्याने पीटरला दिलेले नाही. परिणाम त्याला ठाऊक होता की नाही, हे लुईस सांगत नाहीत. पण समजा ठाऊक होता. योहानाच्या शुभवर्तमानात, अकराव्या अध्यायात, लाजरसला उठवण्यासाठीच प्रभू बेथानीस निघाला आहे, तसे त्याने शिष्यांना सांगितलेही आहे, आणि तरीही मरियेला रडताना पाहून तो रडतो. पान हातात असूनही. ते आसू खोटे मानले तर योहानाचे ते पान फाडावे लागेल.

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग, “आमच्या घरी तेव्हा तुम्ही रडला नाहीत,” एवढे म्हणाला. ते खरे होते. आम्ही त्या मिस्सेत हुकूम फार लवकर उघडला होता.

जाताना तो पुस्तक घेऊन गेला आणि पुढच्या रविवारी परत आणून दिले. पंधराव्या प्रकरणात, मेज दुभंगल्यानंतर आणि लढाईला निघण्यापूर्वी, अस्लान त्या दोघी मुलींबरोबर टेकडीवर पकडापकडी खेळतो, ते पान त्याने दुमडून ठेवले होते. चित्रपटात हे आम्हांला आढळले नव्हते. “फादर,” त्याने विचारले, “ह्या खेळात आऊट कोण होतं?” आम्ही ते पान दोनदा वाचून पाहिले. लुईसनी लिहिलेले नाही.